मतदान करतो ना आपण, मग मोर्चे-आंदोलनं हवीतच कशाला?

मत पाच वर्षांतून एकदा. मधल्या काळात जमिनीवर, पगारावर गदा आली तर माणसानं थांबायचं कुठवर? म्हणूनच संविधानाच्या कलम १९ मध्ये विनाशस्त्र, शांततेनं जमण्याचा हक्क आहे. वाजवी निर्बंध घालता येतात, ते वेगळं.

मी बेलापूरचा, म्हणून इथलंच सांगतो. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलीस गोळीबारात पाच जण गेले. पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. आज फ्लॅट बघताना एजंट ‘साडेबारा टक्केवाला प्लॉट’ म्हणतो, त्यामागे हा इतिहास आहे. निम्म्या खरेदीदारांना तो माहीतही नसतो!

ट्रॅफिक अडतो, ही तक्रार खरीच. मीही ऐरोलीच्या पुलावर चरफडलोय. पण मार्च २०१८ मध्ये नाशिकहून ठाण्यामार्गे मुंबईत चालत आलेले शेतकरी आठवा. दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून फोड आलेल्या पायांनी ते रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. ठाणे-मुंबईतले लोकही पाणी, बिस्किटं, चपला घेऊन धावले.