टेक्सासच्या ग्रामीण काउंटीत (तिथला जिल्हा) काका वारले, मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती) मी आहे. सांगलीत राहून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मंजूर करून घ्यायचं काम, कसं पार पाडायचं?

काका गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही दिलेली माहिती अशी: काका तिथे डॉक्टर, काकू आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही, मृत्युपत्रात सगळं तुमच्या नावे आणि एक्झिक्युटरही तुम्हीच. मागे घर, बँकेतलं खातं आणि गावाबाहेर साठेक एकर जमीन. आमच्या घरात जवळपास हेच झालं होतं. माझे चुलत सासरे पश्चिम टेक्सासमधल्या एका लहान काउंटीत राहायचे. एक्झिक्युटर माझा नवरा, पण फाइल माझ्या ताब्यात. मी वकील नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

कोर्टाची तुम्हाला जेवढी धास्ती वाटतेय तेवढी बाळगायचं कारण नाही. मृत्युपत्रात 'इंडिपेंडंट एक्झिक्युटर' आणि 'विदाउट बॉन्ड' (जामीन न देता) हे शब्द आहेत का ते आधी बघा. ते असले की एकदा नेमणूक झाल्यावर टेक्सासमध्ये दर गोष्टीला जजची परवानगी मागावी लागत नाही. डोकेदुखी असते ती जमिनीची. तिच्याकडे येतेच.

मूळ मृत्युपत्र हातात आहे का? झेरॉक्सवरही काम होतं, पण मूळ प्रत का नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. शेवटच्या पानावर दोन साक्षीदार आणि नोटरी यांच्या सह्यांचं 'सेल्फ-प्रूव्हिंग' प्रतिज्ञापत्र जोडलेलं असेल, तर साक्षीदार शोधायची गरज नाही. नसेल तर साक्षीदारांपैकी कुणीतरी, किंवा काकांचं अक्षर ओळखणारे दोघं जण लागतील, आणि गावातली त्या पिढीची माणसं आता कुठे-कुठे पांगलेली असतात. मृत्यूपासून ४ वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो. म्हणजे घाई नाही, पण 'बघू पुढच्या दिवाळीत' असंही करू नका.

अर्ज कुठे करायचा? काकांचं कायमचं घर ज्या काउंटीत, तिथे. शेवटचे महिने ते ह्यूस्टनच्या हॉस्पिटलात होते म्हणून ह्यूस्टनला अर्ज होत नाही. जमीन शेजारच्या काउंटीत निघाली तर मृत्युपत्राची आणि कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत त्या काउंटीच्या क्लार्ककडेही नोंदवायची, हे बरेच जण विसरतात.

वकील लागेल. एक्झिक्युटरने वकिलाशिवाय उभं राहिलेलं बहुतेक कोर्टांना चालत नाही. माझं आग्रहाचं सांगणं: डॅलस-ह्यूस्टनची मोठी फर्म गाठू नका, त्या काउंटीच्या मुख्य गावातला, कोर्टासमोरच्या चौकात ऑफिस असलेला वकील धरा. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत आणि मोठ्या शहरांसारखं वेगळं प्रोबेट कोर्ट त्यांतल्या थोड्याच ठिकाणी आहे. बाकी बहुतेक ठिकाणी हे काम काउंटी जज बघतात. ते कायद्याचे पदवीधर असावेच लागतात असं नाही. रस्त्यांच्या आणि बजेटच्या सभेचे अध्यक्षही तेच. आमच्याकडचे जज पेशाने शेतकरी होते. वाद निघाला तर प्रकरण वरच्या जजकडे जाऊ शकतं, पण तुमच्यासारख्या बिनवादी कामात स्थानिक वकिलाला जज कोणत्या दिवशी बसतात, क्लार्कबाईंना कागद कसा लावलेला आवडतो, हे ठाऊक असतं. त्यानेच निम्मं काम होतं.

तुम्ही भारतीय नागरिक, तिथे राहत नाही, याने एक्झिक्युटर होण्यात अडचण येत नाही. फक्त कोर्टाच्या नोटिसा स्वीकारायला टेक्सासमध्ये राहणारी एक व्यक्ती नेमून द्यावी लागते. बहुतेकदा वकीलच ते करतो. अर्ज दाखल झाला की कोर्टात नोटीस लागते, किमान १० दिवस जातात, मग सुनावणी. सुनावणी म्हणजे काय, तर वकील विचारणार आणि तुम्ही 'येस सर' म्हणणार. अमुक तारखेला वारले का? या काउंटीत राहत होते का? हे मृत्युपत्र त्यांनी कधी रद्द केलं का? त्यानंतर घटस्फोट झाला का? आमचं काम चहा गार व्हायच्या आत संपलं. झूमवर साक्ष चालेल का हे त्या-त्या जजवर असतं. अर्ज करायच्या आधीच वकिलाला विचारून ठेवा, तिकिटाचे पैसे वाचतील.

आदेश झाल्यावर २० दिवसांत शपथ घ्यायची. ती भारतातून घ्यायची तर नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालावं म्हणून कागदावर घेतलेला सरकारी शिक्का) करून पाठवता येते का, की वाणिज्य दूतावासातच सही करावी लागेल, हे वकिलाकडून लेखी घ्या. मग हातात येतात 'लेटर्स टेस्टामेंटरी'. हा कागद म्हणजे तुमचं ओळखपत्र. बँक, विमा कंपनी, सगळे तोच मागतात आणि बऱ्याच जणांना तो ताजा, ६० दिवसांतला लागतो. म्हणून एकदम गठ्ठा काढून ठेवण्यापेक्षा लागतील तसे नवे घ्या. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती मात्र सुरुवातीलाच भरपूर घ्या.

पुढच्या मुदती वकील सांभाळतो, तरी तुमच्या कॅलेंडरवर असू द्या: महिन्याभरात स्थानिक वर्तमानपत्रात काकांकडून ज्यांचं येणं असेल त्यांच्यासाठी जाहिरात, ९० दिवसांत मालमत्तेची यादी. देणी शिल्लक नसतील तर यादीऐवजी नुसतं प्रतिज्ञापत्र चालतं. यादी दाखल झाली की ती कुणालाही वाचता येते, आणि गावात ती वाचली जाते. त्यामुळे जमत असेल तर प्रतिज्ञापत्रच द्या.

आता जमीन. तिथे सातबारा नाही. एका उताऱ्यावर मालकाचं नाव बघितलं आणि झालं, असं होत नाही. क्लार्कच्या ऑफिसात खरेदीखतांच्या जाडजूड वह्या असतात. कोणी कोणाला विकलं याची साखळी त्यातून जुळवायची. काकांकडून तुमच्याकडे येणारी कडी म्हणजे हा कोर्टाचा आदेश. तो नोंदला नाही तर पुढे विकताना टायटल कंपनी (मालकी हक्क तपासून त्याचा विमा देणारी कंपनी) अडवते.

त्या साखळीत एक गोष्ट मुद्दाम शोधायला सांगा: जमिनीखालच्या तेल-वायूचे हक्क. टेक्सासमध्ये वरची जमीन एकाची आणि खालचं खनिज दुसऱ्याचं असू शकतं. काकांनी जमीन घेतली तेव्हा आधीच्या मालकाने खनिज स्वतःकडे ठेवलं असेल, किंवा उलट, विकून टाकलेल्या एखाद्या तुकड्याखालचा हिस्सा काकांच्याच नावावर राहिला असेल. त्यांच्या बँक पासबुकात एखाद्या तेल कंपनीकडून दर महिन्याला छोटी रक्कम येत होती का, ते बघा. मालक वारल्याचं कळलं की कंपनी ती रक्कम थांबवून बाजूला ठेवते, कागद पुरे झाले की देते. हिस्सा ओक्लाहोमात किंवा न्यू मेक्सिकोत असेल तर तिथे वेगळं प्रोबेट करावं लागतं.

आणि हो, आदेश नोंदला गेला की तुम्हाला पत्रं येतील. 'आपले खनिज हक्क विकत घेऊ इच्छितो', सोबत कधी कधी भरलेला चेकसुद्धा. आमच्या एका पत्रात चेकच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की चेक वटवला म्हणजे विक्री मान्य. अशी पत्रं फाइलला लावा, उत्तर देऊ नका, चेक तर मुळीच भरू नका.

घर रिकामं आहे, त्याचं लगेच बघा. बऱ्याच विमा पॉलिसी ६० दिवस घर रिकामं राहिलं की काही नुकसानभरपाई नाकारतात. विमा कंपनीला कळवून रिकाम्या घराची पॉलिसी घ्या, पाणी बंद करा. जमिनीवर शेजाऱ्याची गुरं चरत असतील तर त्यांना हाकलू नका! शेतीची सवलत त्यावरच टिकून असते आणि ती गेली तर कर कितीतरी पट वाढतो. मालक बदलला की सवलतीसाठी नवा अर्ज लागतो, तो ३० एप्रिलपर्यंत. मालमत्ता कर ३१ जानेवारीच्या आत.

पैशाचं थोडक्यात. टेक्सासचा वारसा कर नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या इस्टेट करातली सूट २०२५ मधल्या मृत्यूसाठी १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलर, तेव्हा ती काळजी सोडा. पण जमीन तुमच्या नावावर येऊन मग विकलीत, तर विदेशी मालक म्हणून साधारणपणे विक्री किमतीच्या १५ टक्के रक्कम खरेदीदार कापून आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) भरतो. काकांच्या मृत्यूच्या दिवशीची किंमत हीच तुमची खरेदी किंमत धरली जाते, म्हणून लगेच विकल्यास नफा जवळपास नसतो आणि विवरणपत्र भरून बरेच पैसे परत मिळतात. त्यासाठी त्या दिवशीचं मूल्यांकन आत्ताच करून घ्या. जमीन तुमच्या नावावर येण्याआधी, काकांच्या इस्टेटच्या नावावर असतानाच विकली तर कपातीचा हिशोब वेगळा, ते सीपीएला (तिथल्या सीएला) विचारा. तेलाची रॉयल्टी असेल तर तिच्यावर एरवी ३० टक्के कपात होते.

भारताच्या बाजूने: परदेशात राहणाऱ्याकडून वारशाने आलेली तिथली मालमत्ता ठेवायला फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) कलम ६(४) ची मुभा आहे. आपल्याकडचा इस्टेट ड्युटी कर १९८५ सालीच गेला. आयकर विवरणपत्रात मात्र शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) हे सगळं दाखवावं लागतं, उत्पन्न शून्य असलं तरी. तुमच्या सीएला हे यंदाच सांगा.