मावशींचा पगार, दुकानाची वही

प्रश्न: सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी बारा वर्षांपासून एक मावशी घरकामाला येतात, सासूबाईंचंही बघतात. वय ४६, वेळ नऊ ते पाच, पगार ९,००० रुपये रोख. यजमानांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. सौद्यांच्या दिवसांत मावशी दुपारी तिकडे झाडलोट, चहापाणी करतात, म्हणून दिवाणजी त्यांचा सगळा पगार दुकानाच्या खर्चात टाकतात. मुलगा पुण्याहून सांगतो, पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि टीडीएस (पगारातूनच कापायचा आयकर) कापा, पैसे बँकेतूनच द्या, नाहीतर नोटीस येईल. मावशी बँकेला तयार नाहीत. 'लाडकी बहीण' बंद होईल म्हणतात. लेकीच्या लग्नाला त्यांनी ४०,००० ची उचल घेतली आहे. ती फिटेपर्यंत काम सोडायचं नाही, असं स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यावं का? सुट्टीत त्यांची तेरा वर्षांची भाची भांडी घासू लागते, तिला खाऊला पैसे देतो. तेही पगारात धरायचे का?

उत्तर: ताई, तुम्ही सर्वात शेवटी आणि सहज लिहिलेलं वाक्य मी सर्वात आधी घेतो. भाचीला उद्यापासून भांड्यांना हात लावू देऊ नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि घरकामावर तर ही बंदी ऑक्टोबर २००६ पासूनच आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. मुलाने स्वतःच्या घरच्यांना शाळा सांभाळून मदत करायची सवलत कायद्यात आहे. मावशीबरोबर तुमच्या घरी काम करणं त्यात बसत नाही. 'खाऊचे पैसे' म्हटल्यानेही काही फरक पडत नाही. ती आली तर खुशाल टीव्ही बघत बसू दे.

तितकाच धोका त्या स्टॅम्पपेपरचा. उचल देऊन माणूस बांधून ठेवायची रीत आपल्या ऊसपट्ट्यात नवी नाही, म्हणून ती कुणाला खटकतही नाही. पण कर्जापायी दुसरीकडे काम करायचं स्वातंत्र्य गहाण टाकायला लावणं हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात बसतं. तसा करार रद्दबातल, वर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उचलीचा कागद जरूर करा, पण साधा: अमुक तारखेला ४०,००० दिले, व्याज नाही, दरमहा १,००० वळते होतील, काम सोडलं तर उरलेली रक्कम हप्त्याने परत. त्यांचं आधार कार्ड किंवा पासबुक 'सुरक्षित राहावं' म्हणून आपल्या कपाटात ठेवू नका.

आता मुलाची काळजी. पीएफ साधारणपणे वीस, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) दहा माणसांच्या आस्थापनेला लागू होते. तुमचं घर ही आस्थापनाच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेने तर 'उद्योग' या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्ट शब्दांत वगळली आहे. घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करायला सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितलं. असा कायदा व्हायला हवा असं माझं मत आहे, पण तुम्हाला सल्ला आजच्या कायद्यावरच द्यावा लागेल.

टीडीएसचं गणित सोपं आहे. ९,००० गुणिले १२ म्हणजे वर्षाला १,०८,०००. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत करच नाही, मग कापायचं काय? उगाच कापलात तर मावशींच्या पॅनवर नोंद होईल आणि ते पैसे परत मिळवायला त्यांना विवरणपत्र भरावं लागेल. 'लाडकी बहीण'ची एक अट कुटुंबात आयकरदाता नसावा अशी आहे, म्हणजे चौकशीला आपणच निमित्त दिल्यासारखं. व्यवसाय कराचाही प्रश्न नाही. महाराष्ट्रात स्त्रियांना महिना २५,००० पगारापर्यंत तो माफ आहे.

मावशींची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. 'लाडकी बहीण'ची मर्यादा कुटुंबाच्या अडीच लाख उत्पन्नाची आहे. घरात दुसरं फारसं उत्पन्न नसेल तर या पगाराने ती ओलांडली जात नाही, हे त्यांना आकडे मांडून दाखवा. रेशनचं वेगळं आहे. अन्नसुरक्षा कायद्यानंतर प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे स्वस्त धान्य मिळणाऱ्या कार्डासाठी, शहरात वर्षाला ५९,००० ची मर्यादा ठरली होती. एकट्या मावशींचाच पगार त्याच्या वर जातो. ही मर्यादा वास्तवाला धरून नाही, पण ती उत्पन्नावर आहे, पैसे रोख घेतले की खात्यात यावर नाही. निर्णय त्यांच्यावर सोडा. रोखच हवे असतील तर एका वहीत तारीख, रक्कम, उचलीची कपात आणि सही, दर महिन्याला.

खरी गडबड दिवाणजींनी केली आहे. व्यवसायाच्या उत्पन्नातून व्यवसायाचाच खर्च वजा होतो. सासूबाईंच्या देखभालीचा पगार हळदीच्या खात्यात बसत नाही. चौकशी झाली तर तो खर्च नामंजूर होऊन कर, व्याज आणि दंड लागेल. ते एक वेळ भरता येईल. पण जरा पुढचं बघा. बारा वर्षांच्या ज्या व्हाउचरांवर मावशींनी 'दुकान कामगार' म्हणून सह्या केल्या, तीच व्हाउचरं घेऊन त्या उद्या कामगार कार्यालयात गेल्या तर? दुकानाला किमान वेतन लागू आहे, त्यातला विशेष (महागाई) भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि ९,००० त्यात बसतात का हे तुमच्याच कागदांवरून तपासलं जाईल. तेव्हा 'त्या तर घरीच असायच्या' म्हणायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. एक तर दुकानात पाठवणं बंद करा, नाहीतर तिथल्या तासांचा वेगळा हजेरीपट ठेवून किमान वेतनाच्या दराने वेगळा पगार द्या आणि तेवढाच दुकानाच्या खर्चात दाखवा. आणि भरल्या पोत्यांना त्यांचा हात नको. ते हमालांचं काम, तिथे १९६९ चा माथाडी (ओझी वाहणाऱ्या) कामगारांचा कायदा आहे.

ग्रॅच्युइटी तुमच्यावर बंधनकारक नाही, हे वर आलंच. तरी मापाला म्हणून हिशेब सांगतो: ९,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १२ वर्षं. बासष्ट हजार तीनशेच्या आसपास येतात. उचलीपेक्षा जास्त! द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे तुम्ही नवराबायकोने ठरवायचं.

कायदा सक्ती करत नाही, तरी एक काम करून द्याच. २००८ च्या कायद्याने झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळात १८ ते ६० वयाच्या घरकामगाराची नोंदणी होते. सांगलीत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. आधार, वयाचा पुरावा, फोटो आणि तुमचा दाखला लागेल. दाखल्यात 'घरकाम' एवढंच लिहा, दुकानाचं नाव नको. दाखला दिला म्हणून तुमच्यावर पीएफची जबाबदारी येत नाही. केंद्राच्या पेन्शन योजनेचं, श्रमयोगी मानधनचं वय चाळिशीला संपतं, त्यामुळे ती संधी गेली. पण बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा अजून मिळेल. जीवन विम्यात शिरायची मर्यादा पन्नाशीपर्यंत आहे. हप्ते मेअखेर खात्यातून आपोआप जातात. पगार रोख देणार असाल तरी त्या सुमाराला त्यांच्या खात्यात ४५६ रुपये शिल्लक आहेत का, तेवढं विचारा.