ओमायक्रॉनवर कोविशिल्ड चालत नाही म्हणतात; मग आईला तिसरा डोस द्यावा का?

(हे उत्तर जानेवारी २०२२ मधलं आहे; नियम, आकडे आणि किमती तेव्हाच्या.) तुम्ही लिहिलंय की आई ६७ वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे, कोविशिल्ड या कोविड लसीचा दुसरा डोस २२ एप्रिल २०२१ ला झाला. नाशिकच्या सिडकोतल्या तुमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या आठवड्यात पाच जण पॉझिटिव्ह निघाले आणि पाचही जणांचे दोन्ही डोस झालेले होते. म्हणून तुमची शंका अशी, की तिसरा डोस घेण्यात अर्थ आहे का, की ओमायक्रॉन या नव्या व्हेरिएंटसाठी, म्हणजे कोरोना विषाणूच्या बदललेल्या रूपासाठी, वेगळी लस येईपर्यंत थांबावं?

थांबू नका. जानेवारी २०२२ च्या नियमाप्रमाणे दुसऱ्या डोसपासून ३९ आठवडे पूर्ण झाले की प्रिकॉशन डोस, म्हणजे खबरदारीचा तिसरा डोस, मिळतो. पूर्ण आठवडे मोजायचे असल्यामुळे वार तोच येतो: २२ एप्रिलला गुरुवार होता, ३९ आठवड्यांनी २० जानेवारी २०२२, तोही गुरुवार. त्या दिवशी नाही जमलं तर लगेच पुढच्या मिळेल त्या दिवशी आईंना घेऊन जा. असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण अर्धे आकडे ऐकून घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा डोस लांबवणारे लोक सध्या बरेच आहेत आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते.

‘लस चालते का’ या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. नाकाघशात संसर्ग होऊ न देणं हे लसीचं एक काम. झालेला संसर्ग फुप्फुसात उतरून ऑक्सिजन लावायची वेळ येऊ न देणं हे दुसरं. व्हेरिएंट बदलला की पहिलं काम लवकर ढासळतं, दुसरं बरंच टिकतं.

विषाणूच्या अंगावरचं स्पाइक प्रथिन म्हणजे १,२७३ अमिनो आम्लांची साखळी. कोविशिल्ड शरीराला फक्त हे स्पाइक दाखवते, तेही अगदी सुरुवातीच्या, मूळ विषाणूचं. ओमायक्रॉनच्या स्पाइकमध्ये ३० हून जास्त बदल आहेत आणि त्यातले बरेचसे नेमके आपल्या पेशीला चिकटणाऱ्या भागात आहेत. अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला पकडून निष्प्रभ करणारा रक्तातला घटक, या स्पाइकचा बाहेरचा आकार पकडते, त्यामुळे आकार बदलला की तिची पकड सुटते. त्यात भर म्हणजे दुसऱ्या डोसला पाच-सहा महिने झाले की रक्तातल्या अँटिबॉडी मुळातच कमी झालेल्या असतात. टी पेशींचं, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी शोधून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचं, तसं नाही. संसर्ग झालेली पेशी विषाणूच्या प्रथिनाचे छोटे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि टी पेशी ते तुकडे ओळखतात. १,२७३ पैकी तीसेक जागा बदलल्या तरी बहुतेक तुकडे जसेच्या तसे राहतात. केपटाऊनच्या संशोधकांनी डिसेंबर २०२१ मध्ये मोजलं, तेव्हा ओमायक्रॉनविरुद्ध टी पेशींचा ७० ते ८० टक्के प्रतिसाद शिल्लक असल्याचं दिसलं. मात्र टी पेशींचं काम पेशीत विषाणू शिरल्यानंतर सुरू होतं. म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह येते, दोन-तीन दिवस ताप-खोकला येतो आणि बहुतेकांचं तिथेच थांबतं.

आता आकडे. हे ब्रिटनमधले आहेत, कारण ॲस्ट्राझेनेकाची लस, म्हणजेच आपली कोविशिल्ड, तिथे लाखो लोकांनी घेतली आणि नोंदीही चांगल्या ठेवल्या. डेल्टाच्या, म्हणजे ओमायक्रॉनच्या आधीच्या व्हेरिएंटच्या, वेळी दोन डोसनंतर लक्षणं असलेल्या आजारापासून संरक्षण ६७ टक्के होतं आणि रुग्णालयात दाखल होण्यापासून ९२ टक्के. ओमायक्रॉनच्या वेळी, दुसऱ्या डोसला २० आठवडे उलटल्यावर, लक्षणं असलेल्या आजारापासून या लसीचं संरक्षण जवळजवळ शून्यावर आलं. ‘लस चालत नाही’ ही बातमी इथून आली आणि तेवढ्यापुरती ती खरी आहे. पण ब्रिटनच्याच आरोग्य यंत्रणेने ३१ डिसेंबर २०२१ ला दिलेले दुसरे आकडे आपल्याकडे कमी पोचले. सगळ्या लसी मिळून, ओमायक्रॉनमुळे रुग्णालयात जाण्यापासून संरक्षण दुसऱ्या डोसनंतर २५ आठवड्यांनी ५२ टक्के होतं, तिसऱ्या डोसनंतर ८८ टक्के झालं. तुमच्या आईंना २५ आठवडे केव्हाच होऊन गेले. म्हणजे सध्या आई ५२ टक्क्यांच्या खालच्या पायरीवर उभ्या आहेत, वर मधुमेह.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रिटनमध्ये तिसरा डोस मुख्यतः फायझर किंवा मॉडर्नाचा दिला गेला. आपल्याकडे जानेवारी २०२२ च्या नियमाप्रमाणे पहिले दोन ज्या लसीचे, तिसराही त्याच लसीचा. त्यामुळे ८८ हा आकडा जसाच्या तसा आईंना लावू नका. मात्र ॲस्ट्राझेनेकाच्याच तिसऱ्या डोसनंतर ओमायक्रॉनला निष्प्रभ करणाऱ्या अँटिबॉडींची पातळी, दोन डोसनंतर डेल्टाविरुद्ध जेवढी असे, साधारण तेवढी आल्याचं ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत दिसलं. एवढं वाढणं ६७ वर्षांच्या मधुमेही बाईंसाठी लहान गोष्ट नाही.

तुमच्या बिल्डिंगमधल्या पाच जणांबद्दल. समजा एखाद्या वस्तीत १,००० प्रौढ आहेत, ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी नाही. रुग्णालयात गेले २८, त्यातले १८ लस घेतलेले. ऐकताना वाटतं, लस घेतलेलेच जास्त आजारी पडले. पण भागाकार करा: ९०० पैकी १८ म्हणजे २ टक्के, १०० पैकी १० म्हणजे १० टक्के. धोका पाचपट कमी झाला, म्हणजे लस ८० टक्के परिणामकारक. (आकडे फक्त गणितासाठी घेतलेत.) जिथे जवळजवळ सगळ्यांनी लस घेतलीय, तिथे जो पॉझिटिव्ह येईल तो लस घेतलेलाच असणार. त्या पाच जणांपैकी किती जणांना ऑक्सिजन लागला, हे विचारा.

नव्या व्हेरिएंटची लस तयार करायचं काम कंपन्यांनी हाती घेतलंय. पण लस बनवणं, चाचण्या, परवानगी, उत्पादन आणि मग सिडकोतल्या केंद्रापर्यंत पोचणं, याला महिने लागतात. लाट आज, जानेवारी २०२२ मध्ये, चालू आहे. दक्षिण आफ्रिकेत ती साधारण महिनाभरातच शिखरावर जाऊन उतरू लागली. डोसचा परिणाम यायलाही एक-दोन आठवडे जातात. म्हणजे प्रत्येक दिवसाला किंमत आहे. आईंना डोस मिळून दोन आठवडे होईपर्यंत संक्रांतीचं तिळगूळ वाटप आणि हळदीकुंकू यंदा घरच्या घरी ठेवा. कोणी आलंच तर दार-खिडक्या उघड्या आणि एन-९५ मास्क नाकावर घट्ट.

केंद्रावर जाताना कोविनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी संकेतस्थळावर, नवीन नोंदणी करू नका. आधीचे दोन डोस ज्या मोबाइल नंबरवर आणि ज्या ओळखपत्रावर झाले, तेच वापरा. नवीन नंबर दिला की आईंची पहिल्या डोसपासून वेगळी नोंद सुरू होते आणि प्रमाणपत्रांचा घोळ निस्तरत बसावं लागतं. साठीच्या पुढच्यांना मधुमेहाचं डॉक्टरी प्रमाणपत्र दाखवायची सक्ती नाही. मधल्या काळात त्यांना कोविड होऊन गेला असेल तर बरं झाल्यापासून तीन महिने थांबायचं.

कुपी बघायची असेल तर हक्काने बघा. कोविशिल्डच्या कुपीत १० डोस असतात, प्रत्येकी अर्धा मिलिलीटर. ती २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठवायची नाही, आणि उघडल्यावर चार तासांत संपवायची. म्हणून उघडल्याची वेळ कुपीवर लिहिलेली असली पाहिजे. मुलांना दिल्या जाणाऱ्या कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीबद्दल ‘मुदत संपलेली लस दिली’ अशी ओरड गेल्या आठवड्यात झाली. त्याचं कारण असं, की तिची मुदत अभ्यासानंतर ९ वरून १२ महिन्यांपर्यंत वाढवायला ऑक्टोबर २०२१ मध्येच परवानगी मिळाली होती, पण काही कुप्यांवर जुनं लेबल तसंच होतं. लस खराब नव्हती.

आईंनी उपाशी जाऊ नये, मधुमेहाच्या गोळ्या चुकवू नयेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा आणि सुईच्या जागी दोन-तीन मिनिटं न चोळता दाबून धरा. अर्धा तास तिथेच बसा. ताप आला तर पॅरासिटामॉल ५०० पुरे. पुढच्या तीन-चार आठवड्यांत न थांबणारी तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणं किंवा एका पायाला सूज आली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. रक्ताच्या गुठळीचा तो दुष्परिणाम फार दुर्मिळ आहे, पण लक्षणं माहीत असावीत.

डोस घ्यायचा की नाही हे ठरवायला अँटिबॉडी टेस्टवर पैसे घालवू नका. काही किट स्पाइकच्या अँटिबॉडी मोजतात, काही न्यूक्लिओकॅप्सिड या दुसऱ्याच प्रथिनाच्या. कोविशिल्डमध्ये हे दुसरं प्रथिन नाहीच, त्यामुळे तशा किटवर निगेटिव्ह येतं आणि माणूस उगाच हादरतो. आणि स्पाइकचा मोठा आकडा आला तरी तो मूळ विषाणूविरुद्धचा असतो. ओमायक्रॉनपुढे त्यातल्या किती उपयोगी पडतील, ते त्यावरून कळत नाही.

कुठला व्हेरिएंट आहे हे आरटीपीसीआरच्या रिपोर्टमध्ये येत नाही, म्हणून काहीजण लॅबशी वाद घालतात. व्हेरिएंट कळायला विषाणूची सुमारे ३०,००० अक्षरांची जनुकीय साखळी वाचावी लागते. त्यासाठी सीटी व्हॅल्यू (हा आकडा जितका कमी, तितका नमुन्यात विषाणू जास्त) साधारण २५ च्या आत असलेला नमुना लागतो, निवडक नमुनेच पाठवले जातात आणि निकाल येईपर्यंत पेशंट बरा झालेला असतो. घरच्या उपचारात त्याने काही बदलत नाही. फरक एकाच ठिकाणी पडतो: जवळपास ६०,००० रुपयांचं (जानेवारी २०२२ ची किंमत) अँटिबॉडी कॉकटेल, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या दोन अँटिबॉडींचं औषध कॅसिरिव्हिमॅब-इमडेव्हिमॅब, ओमायक्रॉनवर निष्प्रभ ठरतंय. कोणी ते सुचवलं तर ‘ओमायक्रॉन असेल तर याचा उपयोग होईल का’ हे जरूर विचारा.

आणि आईंना लक्षणं आलीच तर? घरच्या रॅपिड किटचा निकाल १५ मिनिटांनी बघायचा, २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आरटीपीसीआर करायचीच. ऑक्सिमीटर आजच घरात आणून ठेवा. नाशिकच्या जानेवारीतल्या गारठ्यात बोटं थंड असली की ऑक्सिजन खोटाच कमी दिसतो. आधी हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसवा, नखाला रंग किंवा मेंदी नसलेलं मधलं बोट घाला आणि आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. तासाभरात तीन वेळा ९३ किंवा त्याखाली आला, श्वास मिनिटाला २४ हून जास्त झाले, १०० च्या वरचा ताप तीन दिवसांनंतरही उतरला नाही, छातीत दुखलं किंवा त्या गोंधळल्यासारख्या बोलू लागल्या, तर आकडा पुन्हा वाढतो का याची वाट न बघता रुग्णालयात हलवा.

ऑक्सिजन चांगला असताना कोणी स्टेरॉईडच्या गोळ्या लिहून दिल्या किंवा मेडिकलवाल्याने दिल्या, तर घेऊ देऊ नका. ऑक्सिजन लागत नसलेल्या पेशंटला त्यांचा उपयोग नाही. मधुमेहात साखर ३००-४०० वर जाते, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीच्या आजाराने) ज्यांचे डोळे आणि जबडे गेले, त्यांत मधुमेह आणि स्टेरॉईड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली. त्यामुळे आजारपणात ऑक्सिजनच्या शेजारीच साखरेचीही वही ठेवा: सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, रोज. ती वही डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवता आली पाहिजे.

(नियम १२ जानेवारी २०२२ पर्यंतचे आहेत. २० तारखेला निघण्यापूर्वी कोविनवर एकदा तपासून घ्या.)