मुलीच्या शाळेसाठी मुंबई सोडावी का?

"आमच्या भागातला खर्च परवडेनासा झाला आहे, मुलीच्या शाळेचा दर्जा घसरला आहे आणि आजूबाजूला आपली म्हणावी अशी माणसे उरलेली नाहीत. मुलीच्या भवितव्यासाठी घर भाड्याने देऊन डोंबिवलीला जावे, असे मला वाटते. पत्नी तयार नाही. आम्ही काय करावे?" या आशयाचा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांपैकी अनेकांच्या मनात असतो. कोणाला डोंबिवलीऐवजी बदलापूरला जायचे असते, कोणाला विरारला. त्यातले एक कुटुंब मुलुंड पूर्वेचे होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्यांची हकीकत येथे देत आहे.

पती ऐरोलीच्या एका कंपनीत, पत्नी फोर्टमधील कार्यालयात. घरात पतीची आई आणि सहावीत शिकणारी मुलगी. दोघांचे मिळून मासिक उत्पन्न एक लाख अठरा हजार. त्यांच्या जुन्या तीन मजली इमारतीचा पुनर्विकास झाला आणि ३८० चौरस फुटांच्या घराच्या जागी त्यांना ५१० चौरस फुटांचे घर उंच टॉवरमध्ये मिळाले. नातेवाइकांनी अभिनंदन केले, पेढे वाटले गेले आणि पहिल्याच वर्षी घरात भांडणे सुरू झाली.

त्या भांडणांचे एक कारण अगदी हिशेबाचे होते. जुन्या इमारतीत महिन्याचा मेंटेनन्स एकोणीसशे रुपये होता, नव्या इमारतीत तो नऊ हजार चारशे झाला. लिफ्ट, जनरेटर, सुरक्षारक्षक, यांत्रिक पार्किंग, व्यायामशाळा हे सर्व त्यात आले. गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान असते, म्हणजे वरच्या मजल्यांवरील प्रशस्त घर विकत घेणाऱ्याला जेवढे, तेवढेच पुनर्विकासात लहान घर मिळालेल्या जुन्या रहिवाशालाही. त्यात मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मिळणारी मालमत्ता करमाफी वाढीव दहा चौरस फुटांमुळे गेली. घर मोठे झाल्याचा आनंद आणि ते सांभाळण्याचा ताण एकाच दिवशी हाती येतो, ही गोष्ट पुनर्विकासाच्या वाटाघाटी चालू असताना जुन्या सभासदांना कोणी नीट समजावून सांगत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पहिल्या भेटीत पती बराच वेळ बोलले आणि त्यांचे बोलणे पुनःपुन्हा तळमजल्यावरच्या नामफलकाकडे वळत होते. जुन्या फलकावर देवनागरीत सोळा आडनावे होती, त्यातली चौदा मराठी, आणि प्रत्येक नावामागचा माणूस त्यांना ठाऊक होता. नव्या फलकावर इंग्रजीत ऐंशीच्या वर नावे आहेत. ऑफिसातून आल्यावर लिफ्टची वाट पाहताना ते रोज ती नावे वाचत आणि ओळखीची किती उरली ते मोजत. दिवाळीत सोसायटीच्या कार्यक्रमासाठी दर घरामागे अडीच हजार रुपये वर्गणी ठरली, त्या वेळी त्यांनी ती भरली नाही आणि कार्यक्रमालाही गेले नाहीत. घरी मात्र सांगितले, "त्यांच्यात जाऊन आपण काय करणार? ते वेगळे लोक."

शाळेविषयी विचारले, तेव्हाही "वेगळे लोक" हेच शब्द आले. मुलगी जवळच्या अनुदानित मराठी शाळेत सेमी-इंग्रजीच्या वर्गात होती. पती स्वतः त्याच शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या वेळी एका इयत्तेच्या चार तुकड्या होत्या, आता जेमतेम एक भरते. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या वेळी डॉक्टर-वकिलांची मुलं वर्गात असायची. आता वॉचमनची, घरकाम करणाऱ्या बायकांची मुलं आहेत. अशा संगतीत ती काय शिकणार?"

त्यांच्या पत्नी इतका वेळ गप्प होत्या. या वाक्यावर त्यांनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिले. मी त्यांना काही विचारले नाही, पुढची भेट दोघांना स्वतंत्रपणे दिली.

त्या स्वतंत्र भेटीत त्यांनी सांगितलेली गोष्ट नवऱ्याला लग्नाच्या इतक्या वर्षांत पूर्णपणे ठाऊक नव्हती. त्यांचे बालपण डोंबिवलीत गेले. आई मंत्रालयात नोकरीला होती आणि पहाटे उठून डबे करून, सकाळची लोकल पकडून जात असे. ती परत येई तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असे. शाळेतून आल्यावर शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन घर उघडायचे आणि धाकट्या भावाला जेवायला वाढायचे, हे त्या तिसरीपासून करत होत्या. "डोंबिवली वाईट नाही हो," त्या म्हणाल्या, "सगळं काही आहे तिथे. मला फक्त माझ्या मुलीच्या हातात ती किल्ली द्यायची नाही." डोंबिवलीला पतीने शाळा आणि फुले रोडचा बाजार पाहिला होता. पत्नीला आठवत होते ते रिकाम्या घराचे दुपारचे तास. या दोन गोष्टी एकमेकांसमोर कधी मांडल्याच गेल्या नव्हत्या, म्हणून वाद मेंटेनन्सच्या आकड्यांवरच अडकून राहत होता.

त्यानंतर दोघांना एकत्र बसवून मी आकडे लिहायला सांगितले. मी आर्थिक सल्लागार नाही, पण ज्या निर्णयात पैसा गुंतलेला आहे तेथे तो मांडल्याखेरीज मनाचे बोलणे पुढे सरकत नाही, असा माझा अनुभव आहे. मुलुंडच्या घराला बेचाळीस हजार भाडे येईल, डोंबिवलीत अठरा हजारांत घर मिळेल, म्हणजे चोवीस हजार सुटतील, हा पतीचा हिशेब बरोबर होता. मात्र मुलुंडचा मेंटेनन्स मालक म्हणून त्यांनाच भरत राहावा लागणार होता, म्हणजे तो खर्च होता तसाच राहणार होता; शिवाय घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटीचे बिगरभोगवटा शुल्क. ज्या इंग्रजी शाळेसाठी हा सारा खटाटोप, तिची फी आणि बस मिळून महिन्याला दहा हजार. मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या जुन्या शेजारीण काकू दुपारी आजींसोबत बसतात आणि शाळेतून आलेल्या मुलीकडे पाहतात. डोंबिवलीत त्यासाठी बाई ठेवायची तर आठ हजार. पत्नीचे माहेरचे आता तेथे कोणी नाही, आई-वडील भावाकडे पुण्याला गेले आहेत. पास आणि रिक्षाचे वाढीव दीड हजार, दलाली आणि दोन भाडेकरूंच्या मध्ये घर रिकामे राहण्याची तजवीज. शेवटी शिल्लक राहत होते जेमतेम दोन हजार.

मग त्याच कागदाच्या मागे मी घरातील प्रत्येकाचा दिवस तासांत लिहायला सांगितला. मुलुंडहून ऐरोली खाडीपुलापलीकडे आहे, तर डोंबिवलीहून ठाण्याला येऊन गाडी बदलावी लागते. पत्नीचा प्रवास जाऊन-येऊन दीड तासाने वाढत होता, तोही मुंब्रा-दिव्याच्या त्या पट्ट्यातून, जेथे जून २०२५ मध्ये गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. पतीने दोन्ही रकान्यांची बेरीज स्वतः केली आणि कागद बराच वेळ हातात धरून ठेवला.

हा हिशेब प्रत्येक कुटुंबाचा असाच निघेल असे मुळीच नाही. घाटकोपरला भाड्याने राहणारी आणि ठाण्यात नोकरी करणारी एक एकटी आई बहिणीच्या शेजारी कल्याणला राहायला गेली, तेव्हा तिचा प्रवास फारसा वाढला नाही, भाडे निम्म्यावर आले आणि मुलाला मावशीचे घर मिळाले. तिने जावे असेच मलाही वाटत होते. आणि जे भाड्याने न राहता तिकडे घर विकतच घेणार असतील, त्यांना मी कागदपत्रे वकिलाकडून तपासून घ्यायला सांगते, कारण बनावट परवानग्यांच्या आधारे रेरा या गृहप्रकल्प नियामकाकडे नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला आणि त्यात आयुष्याची पुंजी घातलेली साधी माणसे अडकली.

आता शाळेकडे वळते, कारण या कुटुंबाचा खरा पेच तेथे होता. पालक शाळेचा दर्जा बहुधा दोन गोष्टींवरून ठरवतात: फी किती आणि बाकावर शेजारी कोणाचे मूल. या दोन्हींवरून शाळेत काय शिकवले जाते हे कळत नाही. अनुदानित शाळेची रचना समजून घेतली तर चित्र वेगळे दिसते. तेथील शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे शासनाच्या पदमंजुरीत, पदे कमी होतात, काही शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत पाठवले जातात, मग एखाद्या विषयाला शिक्षक उरत नाही आणि ते पाहून आणखी काही पालक मुलांना काढून घेतात. मुलुंडसारख्या भागात हा पट कोणी घटवला? ज्यांनी आपली मुले इंग्रजी शाळांत घातली त्या आपल्याच मध्यमवर्गाने. आणि तो टिकवून कोणी धरला? ज्यांच्या संगतीची या गृहस्थांना धास्ती वाटत होती, त्या सुरक्षारक्षकांच्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांनी. ती मुले आहेत म्हणून त्यांच्या मुलीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे पद शिल्लक आहे. हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. माझ्या मते अशा वेळी समुपदेशकाने गुळमुळीत बोलणे हे त्या मुलांवरही अन्यायाचे आहे.

त्याच वेळी त्यांचे दुःख मी खोटे मानले नाही. ज्या जिन्यात लहानपण गेले तो जिना उरला नाही, दार लोटून आत येणारी माणसे गेली, हे नुकसान खरेच आहे आणि ते मुंबईत फार मोठ्या प्रमाणावर घडते आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे उपनगरे वगळून उरलेल्या मुंबईची, लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली, आणि त्याच काळात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. या गृहस्थांचे स्वतःचे वडील गिरणी कामगार होते. १९८२च्या संपानंतर लालबागची खोली सोडून ते मुलुंडला आले होते. तेव्हा तेथे आधीपासून राहणाऱ्या गुजराती, कच्छी आणि आगरी-कोळी कुटुंबांच्या दृष्टीने नवखे तेच होते. आजींनी हे नंतर एका भेटीत सांगितले, "आम्हांला पण पहिली दोन वर्षं कोणी विचारत नव्हतं," आणि मुलाने ते प्रथमच लक्ष देऊन ऐकले.

ऐकता ऐकता आणखी एक गोष्ट त्यांच्याच तोंडून बाहेर आली, आणि तिच्यापर्यंत पोहोचायला बऱ्याच भेटी लागल्या होत्या. इमारतीत त्यांचे कुटुंब उत्पन्नाने बहुधा सर्वांत खालचे होते आणि शाळेत सर्वांत वरचे. इमारतीत आपण कमी पडतो याची लाज आणि शाळेत आपली मुलगी खाली गेली याची भीती, दोन्हींना ते "वेगळे लोक" एवढेच नाव देत होते. दिवाळीची वर्गणी न भरण्याचे कारण अडीच हजार रुपये हेच होते, हे त्यांनी पत्नीसमोर मान्य केले. त्या एवढेच म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर मी भरले असते, किंवा दोघांनी मिळून नाही म्हटलं असतं."

मी दोघांना सुट्टी घेऊन शाळा पाहायला पाठवले: मुलीची सध्याची आणि डोंबिवलीची ती इंग्रजी शाळा. इमारत आणि माहितीपत्रक बाजूला ठेवून वह्या मागाव्यात, दुरुस्त्या झाल्या आहेत की नुसत्या लाल खुणा आहेत ते पाहावे, किती पदे रिक्त आहेत ते विचारावे, प्रयोगशाळेच्या टेबलांवर हात फिरवून पाहावा आणि स्वच्छतागृहात पाणी आहे का ते पाहावे, असे सांगितले. इंग्रजी शाळेत त्यांना वह्या दाखवायला नकार मिळाला. मराठी शाळेत मराठी, गणित, विज्ञान यांच्या वह्या नीट तपासलेल्या होत्या आणि प्रत्येक चुकीखाली बाईंनी पुन्हा सोडवायला उदाहरण दिलेले होते. इंग्रजीच्या शिक्षकाचे पद मात्र वर्षभर रिकामे होते आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर धूळ होती. म्हणजे शाळेविषयीची पतीची काळजी अगदीच निराधार नव्हती, फक्त ती चुकीच्या जागी बोट ठेवत होती.

मुलीशीही मी बोलले. तिला शाळेविषयी तक्रार नव्हती. वडील रोज "वर्गातून आणखी कोण गेलं?" असे विचारतात, त्यामुळे आपणही लवकरच जाणार असे तिला वाटत होते आणि म्हणून तिने नव्या मैत्रिणी करणे थांबवले होते. हे ऐकल्यावर वडिलांनी तो प्रश्न विचारणे बंद केले.

अनुदानित शाळांमध्ये शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पत्नी आता त्या समितीवर आहेत, आणि त्यांच्यासोबत तेथे बसणाऱ्यांमध्ये त्यांच्याच इमारतीत काम करणाऱ्या एक बाई आहेत. इंग्रजीच्या पदासाठी संस्थेने शिक्षण विभागाकडे पाठपुरावा करावा, यासाठी दोघींनी मिळून अर्ज लिहिला. पद अजून भरलेले नाही; तोवर आठवड्यातून तीन दिवस एक निवृत्त शिक्षिका शिकवायला येतात. पतीने सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मेंटेनन्सच्या प्रत्येक बाबीचा खुलासा मागितला, तेव्हा पाठिंबा देणाऱ्यांत नव्या रहिवाशांपैकी चार-पाच जण निघाले, कारण गृहकर्जाच्या हप्त्यांनी तेही टेकीला आले होते. आतापर्यंत महिन्याला अकराशे रुपये कमी झाले आहेत.

डोंबिवलीच्या घराची चौकशी त्यांनी सध्या थांबवली आहे. मुलगी सातवीत असताना, प्रवेशांच्या आधी, ते पुन्हा भेटणार आहेत. आठवीपासूनच्या गणित-विज्ञानाची पदे तोपर्यंत भरलेली राहिली तर शाळा बदलायची नाही, आणि नसतील तर आधी मुलुंड-ठाण्यातल्या दुसऱ्या अनुदानित शाळा पाहायच्या, असे दोघांनी लिहून ठेवले आहे.