मुलींची फी माफ म्हणतात, मग हे एक लाख चार हजार कशाचे?

पत्र कुंभारीच्या रे नगरमधल्या एका ताईंचं आहे, लेकीनेच मोबाईलवर टाईप करून पाठवलंय. ताई विड्या वळतात, त्यांचे यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर. मोठ्या मुलीने सीईटी दिली आणि कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, सोलापुरातल्याच एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला तिची सीट लागली, ओबीसीतून. कॉलेजने १,०४,००० रुपयांचा हिशोब कागदावर लिहून दिलाय आणि त्याचा फोटो पत्रासोबत आहे. ताई विचारतात, "टीव्हीवर तर सांगत होते मुलींची फी माफ झाली, मग हे एवढे कशाचे? पुण्याहून एकाचा रोज फोन येतोय, म्हणतो आमच्या युनिव्हर्सिटीत या, स्कॉलरशिप देतो. गटातल्या बाया म्हणायलेत फायनान्समधून लाख रुपये उचल. काय करू सर?" धाकटा मुलगा यंदा दहावीला आहे.

ताई, सगळ्यात आधी लेकीचं अभिनंदन आणि लगेच दुसरी गोष्ट, ते फायनान्सचं लोन उचलू नका. आठवड्याला हप्ता, एक हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायकांना भरावा लागतो आणि मग दारात येऊन बसतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. आणि मुख्य म्हणजे तुम्हाला लाख रुपये लागतच नाहीयेत, तुमच्याच कागदावरून दाखवतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाच ओळी आहेत. शिक्षण शुल्क म्हणजे ट्यूशन फी ८४,०००. डेव्हलपमेंट फी ८,४००. परीक्षा फी २,७००. विद्यापीठाची फी १,९००. डिपॉझिट ३,०००. आणि मग खाली पेनने लिहिलंय "इतर ४,०००", त्याला नाव नाही गाव नाही. सगळं मिळून १,०४,०००, बेरीज बरोबर आहे, पण ही एक फी नाहीये ताई, ह्या सहा वेगवेगळ्या रकमा आहेत (पाच छापलेल्या आणि एक पेनाची), प्रत्येकीचा मालक वेगळा आणि नियम वेगळा. लोक नुसता खालचा आकडा बघतात आणि घाबरतात.

पहिल्या दोन ओळी कॉलेज मनाने ठरवत नाही. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यालाच लोक एफआरए म्हणतात, २०१५ च्या कायद्याने ते काम त्यांच्याकडे आहे. कॉलेजने खर्चाचे हिशोब द्यायचे, ते तपासून प्राधिकरण आकडा मंजूर करतं, आणि मंजूर झालेला आकडा प्राधिकरणाच्या वेबसाईटवर कॉलेजच्या नावासमोर बघायला मिळतो. लेकीला सांगा कॉलेजचं नाव टाकून यंदाच्या वर्षाचा आकडा काढ आणि तुमच्या कागदाशी जुळव. ८४,००० आणि ८,४०० मिळून ९२,४०० होतात, तिथेही तेवढाच दिसला पाहिजे. एक रुपया जास्त असेल तर त्याचा प्रिंटआउट काढून ऑफिसला घेऊन जा, तोंडी वाद घालू नका, कागद समोर ठेवा.

आता माफीचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या ज्या मुलींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे आणि ज्यांनी कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतलाय त्यांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के मिळतं, आधी ते पन्नास टक्के होतं. नीट वाचा, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, एवढंच. टीव्हीवर "फी माफ" एवढंच सांगतात म्हणून सगळ्या आयांना वाटतं आता शून्य रुपये आणि मग ऑफिसच्या खिडकीवर भांडण होतं. डेव्हलपमेंट फी त्यात नाही, विद्यापीठाची फी नाही, डिपॉझिट नाही, बस नाही, हॉस्टेल मेस तर नाहीच. म्हणजे तुमच्या कागदावर ८४,००० आणि २,७०० मिळून ८६,७०० माफीत जातात आणि राहतात १७,३००. त्यातले ते पेनाचे ४,००० बाजूला ठेवा, त्यावर येतो मी, तर १३,३००. आणि त्यातले ३,००० डिपॉझिट परत मिळणारे. म्हणजे पहिल्या वर्षाचा कॉलेजचा खरा खर्च तुमच्यासाठी १०,३०० च्या आसपास आहे. लाख कुठे आणि दहा हजार कुठे.

माफ होणारी फी अशा मुलींकडून प्रवेशाच्या वेळी मागू नका असं सरकारने कॉलेजांना बजावलेलं आहे, तरी काही ठिकाणी "आधी सगळी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ" असं सांगतात. तुम्ही शांतपणे म्हणा की मुलगी पात्र आहे, कॅपचं अलॉटमेंट लेटर हे, उत्पन्नाचा दाखला हा, माफीत न बसणारी रक्कम आज भरते. बहुतेक ठिकाणी मग हमीपत्र लिहून घेतात की शासनाकडून पैसे नाही आले तर मी भरेन. त्यावर सही करायला हरकत नाही पण लेकीकडून पूर्ण वाचून घ्या आणि एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, कारण ते हमीपत्र खोटं नाहीये, फॉर्म भरायचा राहिला तर ते ८६,७०० खरंच तुमच्या अंगावर येतील.

म्हणून महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा, फॉर्म हाच तुमच्या घरातला यंदाचा सगळ्यात महत्त्वाचा कागद. कॉलेजने प्रवेश दिला म्हणजे माफी झाली असं नाही, फॉर्म ऑनलाईन लेकीलाच भरायचाय आणि कॉलेजकडून पुढे गेला का ते बघत राहायचंय, आणि दरवर्षी परत रिन्यू करायचाय. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाईल, रेशनकार्ड हे सगळं आत्ताच एका फाईलीत लावा. नॉन क्रिमिलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते का बघा, जुना दाखला लावून फॉर्म परत आलेली कितीतरी पोरं माझ्याकडे येतात आणि तोवर तारीख गेलेली असते. बँकेचं खातं लेकीच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे. तुमचे लाडकी बहीणचे पैसे येतात ते खातं तुमचं, ते इथे चालत नाही. बँकेत जाऊन नुसतं "आधार लिंक आहे का" विचारू नका, "डीबीटीसाठी आधार सीडिंग आहे का" (म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात जमा व्हावेत अशी नोंद आहे का) असं विचारा, दोन्हीत फरक आहे आणि पैसे अडकतात ते इथेच.

विद्यापीठाच्या १,९०० मध्ये काय काय आहे असं लेकीने विचारलंय, अश्वमेध म्हणजे काय तेही. आपल्या अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा भाग तो, कॉलेज फक्त गोळा करून पुढे पाठवतं. पात्रता शुल्क म्हणजे एलिजिबिलिटी, एकदाच लागतं. मग विद्यार्थी कल्याण निधी, एनएसएस, विमा, आपत्ती व्यवस्थापन निधी अशा छोट्या छोट्या रकमा. अश्वमेध म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या आंतरविद्यापीठ क्रीडा स्पर्धा, त्याचा वर्गणीसारखा भाग प्रत्येक पोराकडून घेतात. यावर वेळ घालवू नका, विद्यापीठाचं परिपत्रक असतं, जुळलं की भरून मोकळं व्हा.

वेळ घालवायचा तो त्या पेनाच्या चार हजारावर. ऑफिसमध्ये विचारा हे कशाचे आणि याची पावती कोणत्या नावाने मिळेल. उत्तर "युनिफॉर्म" असेल, "ट्रेनिंग" असेल, "लायब्ररी, लॅब" असेल. लायब्ररी आणि लॅब चालवायचा खर्च मंजूर फीमध्येच धरलेला असतो, त्याचं वेगळं बिल कशाला? बस, हॉस्टेल, मेस हे ज्याला पाहिजे त्याने घ्यायचं, सक्ती नाही. युनिफॉर्म बाहेरून शिवून घेते म्हणा. आणि पावती देत नसतील तर पैसे द्यायचे नाहीत, बिनपावतीचा एक रुपयाही नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी. मंजूर फीच्या वर पैसे उकळणं याला कायद्यात कॅपिटेशन फी म्हणतात आणि महाराष्ट्रात त्यावर १९८७ पासून बंदी आहे. तक्रार प्राधिकरणाकडे लेखी करता येते, पण खरं सांगतो, दहातल्या आठ वेळा "पावती कोणत्या नावाने देणार" एवढं विचारलं तरी तो आकडा कागदावरून जातो. मला याचाच राग येतो, जे विचारत नाहीत त्यांच्याकडूनच घेतात, आणि न विचारणारे म्हणजे तुमच्यासारखीच माणसं, खिडकीवर इंग्रजी कागद पुढे आला की गप्प होणारी. तुम्ही विचारा ताई. पैसे भरताना यूपीआयने किंवा डीडीने कॉलेजच्याच नावाने भरा, कुठल्या क्लार्कच्या नंबरवर फोनपे करू नका, आणि डिपॉझिटच्या पावतीवर "परतावा" असं लिहिलेलं आहे का बघा, चार वर्षांनी नो ड्यूज करताना ती पावती लागते, ९० टक्के पोरं ते ३,००० मागायलाच जात नाहीत असं मला वाटतं.

पुण्याच्या फोनबद्दल थोडक्यात. खासगी विद्यापीठ किंवा खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठ असेल तर ही मुलींची माफी तिथे लागू नाही, आणि आपल्या कॉलेजातही मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर नाही, कॅपमधूनच पाहिजे. तो "स्कॉलरशिप" म्हणतो ती त्यांनी स्वतःच्याच मोठ्या फीवर दिलेली सूट असते, वर हॉस्टेल मेस. "सीट बुक करायला आज पंचवीस हजार टाका" म्हणाला तर फोन ठेवा. लेक घरी राहून शिकणार आहे ही तुमची सगळ्यात मोठी बचत आहे. एसटीने जायचं झालं तर विद्यार्थ्यांच्या मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, कॉलेजच्या बसचे पैसे भरायच्या आधी तो हिशोब करून बघा.

समजा पुढच्या राउंडला दुसरीकडे चांगली सीट लागली आणि हा प्रवेश रद्द करावा लागला, तर कॅपच्या माहितीपुस्तिकेत रद्द करायची शेवटची तारीख दिलेली असते, तिच्या आत ऑनलाईन रद्द केलं तर १,००० कापून बाकी सगळं परत मिळतं. तारीख गेल्यावर फक्त डिपॉझिट. त्यामुळे ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. एलसी ओरिजिनल द्यावीच लागते पण दहावी बारावीच्या मार्कशीट तपासून लगेच परत घ्या, कॉलेजला त्या अडकवून ठेवता येत नाहीत.

१३,३०० पण एकदम नाहीत असं झालं तर प्राचार्यांच्या नावाने दोन हप्त्यांचा अर्ज द्या, साध्या मराठीत, चार ओळींचा, वर अलॉटमेंट लेटरची झेरॉक्स. आवक क्रमांक घ्या. बहुतेक प्राचार्य असल्या अर्जाला नाही म्हणत नाहीत, फक्त तोंडी मागितलं तर क्लार्क खिडकीवरूनच परत पाठवतो.

आणि तुमच्या विडी कामगार कार्डाचं. केंद्राच्या कामगार मंत्रालयाची विडी कामगारांच्या मुलांसाठी स्कॉलरशिप आहे, फॉर्म नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. इंजिनिअरिंगला त्यात वर्षाला २५,००० आहेत पण एकाच पोराला दुसरी स्कॉलरशिप चालू असेल तर ती चालत नाही, आणि लेकीची माफी ८६,७०० ची आहे, म्हणून तिच्यासाठी महाडीबीटीच धरा. धाकट्यासाठी मात्र भरा. नववी दहावीला २,०००, अकरावी बारावीला ३,०००, पुढे आयटीआय किंवा डिप्लोमाला गेला तर ६,०००. उत्पन्नाची मर्यादा त्यात बरीच कमी आहे, तेवढी आधी बघून घ्या. कारखानदाराकडून कार्डावर नोंदी अपडेट करून घ्या, त्या जुन्या राहिल्या म्हणून फॉर्म अडकतो, आणि मुलाचंही वेगळं आधार सीडिंग असलेलं खातं याच चकरेत बँकेत उघडून टाका. एफआरएच्या वेबसाईटवरचा आकडा मिळाला की मला त्याचा फोटो पाठवा, ९२,४०० शी जुळत नसेल तर अर्ज काय लिहायचा ते मी लेकीला सांगतो.