४० फुटी बोटीला कोणतं इंजिन आणि किती इंची पंखा (प्रोपेलर) बसवावा, म्हणजे डिझेल कमी जाईल आणि भर समुद्रात दगा होणार नाही?

तुम्ही लिहिलंय की बोट फायबरची, गिलनेटची (पाण्यात उभी सोडायची जाळी) आहे, जुनं इंजिन काढायचंय, विकणारा १८० घोड्यांचं घ्या म्हणतोय, आणि जुनाच पंखा ठेवला तर चालेल का. मी हर्णै बंदरात वीस वर्षं बोटींची इंजिनं बसवतोय. माझं म्हणणं असं की बोटीला ताकद किती लागते ते काढून आधी पंखा ठरवा, मग गिअर, आणि कोणतं इंजिन घ्यायचं ते सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बरोबर उलटं होतं, म्हणून डिझेलची बिलं फुगतात.

४० फुटी बोटीची पाण्यातली लांबी साधारण ३६ फूट भरते. अशा बोटीच्या वेगाला ८ नॉटच्या (तासाला ८ सागरी मैल) आसपास हद्द येते. त्यापुढे बोटीची मागची बाजू खाली बसते, मोठी लाट उठते, डिझेल नुसतं ओतलं जातं आणि वेग जेमतेम वाढतो. बर्फ, पाणी, जाळी, मासळी धरून तुमची बोट १८ टनांची होते असं समजू. टनामागे ५ घोडे धरले तरी ९० होतात, म्हणजे १०० घोड्यांचं इंजिन पुरतं. १८० चं इंजिन घेऊन कायम हलक्या लोडवर चालवलं, तर लायनरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चकाकी येते आणि ते तेल खायला लागतं. पैसेही जास्त आणि आयुष्यही कमी.

आता गिअर. इंजिन १०० घोड्यांचं, २००० आरपीएमचं धरा. २:१ गिअर लावला तर शाफ्ट १००० फेऱ्यांवर फिरतो आणि पंखा सुमारे २५ इंची लागतो. ३:१ लावला तर शाफ्ट ६६७ वर येतो आणि ३२ इंची पंखा घेता येतो. मोठा पंखा भरपूर पाणी सावकाश ढकलतो, छोटा थोडंच पाणी जोरात मागे फेकतो, आणि त्या जोरातच डिझेल वाया जातं. भरलेली बोट समोरच्या वाऱ्यावर आणताना हा फरक तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) लगेच जाणवतो. फक्त मोठ्या पंख्याला जागा हवी. पात्याचं टोक आणि बोटीचं बूड यांच्यात व्यासाच्या १५ टक्के, म्हणजे ३२ इंचीला ५ इंच मोकळे सोडा. नाहीतर सगळी बोट थरथरते. जागा नसेल तर कमी व्यासाचा चार पात्यांचा पंखा घ्यावा लागतो. पंख्यासमोरचा बुडाचा कणा चौकोनी ठेवलेला असेल तर त्याला गोलाई द्या, पंख्याला पाणी सरळ मिळू द्या.

जुना पंखा मोजल्याशिवाय लावू नका, हे मी कळकळीने सांगतोय. माझ्या काकांच्या बोटीला आम्ही जुना पंखा आणला. विकणारा पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) २० इंच म्हणाला, आम्ही विश्वास ठेवला. २००० चं इंजिन १६५० च्या वर जाईना, धूर काळाकुट्ट. फेरे चढत नाहीत पण पंप पूर्ण डिझेल देतोय, ते जळायला हवा पुरत नाही, अशी ती अवस्था. दुसऱ्या हंगामात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळले आणि रात्री दुसऱ्या बोटीने ओढून आणावं लागलं. मग पंखा मोजला तर पिच २४. वर्कशॉपमध्ये २० वर आणून घेतलं, इंजिन १९०० च्या वर गेलं आणि धूर थांबला.

मोजायला अवघड नाही. समजा पंखा २८ इंची आहे. तो सपाट फरशीवर ठेवा. मध्यापासून ७० टक्के त्रिज्येवर, म्हणजे ९.८ इंचांवर, पात्यावर खडूने कमान काढा. कमानीच्या दोन्ही टोकांची फरशीपासूनची उंची घ्या, फरक ३ इंच आला असं धरू. ओळंबा सोडून ती टोकं फरशीवर उतरवा, त्यांच्यातलं अंतर सरळ रेषेत नाही, कमानीवरून मोजा, ते ९ इंच आलं. ९.८ त्रिज्येचा घेर ६१.६ इंच. ६१.६ गुणिले ३ भागिले ९, पिच २०.५. तिन्ही पाती मोजा. एखादं वेगळं आलं तर ते वाकलंय, शाफ्टचं बेअरिंग तेच खातं.

बसवल्यावर बर्फ-पाणी भरून, पूर्ण थ्रॉटलवर बघा. इंजिनावर लिहिलेले फेरे गाठलेच पाहिजेत. नव्या रंगावर थोडे वर गेले तरी चालेल, चार महिन्यांनी बुडाला शिंपले धरले की तेवढे उतरतात. रोज मात्र २००० वर पळवू नका. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, म्हणून १८०० वर ती २७ टक्के कमी लागते. ३६ सागरी मैलांचा हिशेब करा: ८ नॉटने साडेचार तास, तासाला २० लिटर, म्हणजे ९० लिटर. १८०० वर ७.२ नॉटने पाच तास आणि सुमारे ७३ लिटर. अर्धा तास उशीर, १७ लिटर शिल्लक, तेही एका बाजूच्या प्रवासात.

इंजिन घेताना सतत चालवण्याची ताकद किती ते विचारा, थोडा वेळ मिळणारी नव्हे. आणि ज्याचे नोझल, पंप, गॅस्केट तुमच्या बंदरात मिळतात तेच घ्या.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, बोट वर असेल, तेव्हाच हे सगळं मोजून घ्या. शाफ्टच्या मध्यापासून बुडापर्यंतचं अंतर आणि जुन्या पंख्याचं माप इथे लिहा, मी गिअरचा हिशेब करून देतो.