लाइव्ह यूएसबीवरून लिनक्स बसवणे इतके अवघड का वाटते, आणि नवख्या माणसासाठी सोपा मार्ग कोणता?

आपण विचारले आहे की विंडोज १०चा सपोर्ट बंद झाल्यामुळे गावी राहणाऱ्या वडिलांच्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत कार्यप्रणाली) बसवायचे आहे, तर त्यांना स्वतःला लाइव्ह यूएसबी (ज्यावरून लॅपटॉप थेट लिनक्समध्ये सुरू होतो असा पेनड्राइव्ह) करता येईल असे सर्वांत सोपे साधन कोणते. साधनाचे नाव एका शब्दात सांगता येते: रूफस. परंतु पेनड्राइव्ह तयार करणे हा या कामातला सोपा भाग आहे. माणसे अडतात ती त्यानंतर, आणि आपले काहीतरी चुकले असे समजून थांबतात. हे मी माझ्या मावशीच्या चार संध्याकाळी पाहून सांगतो आहे.

मावशी संगमनेरला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. तिचा लॅपटॉप सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, ४ जीबी रॅमचा. विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तो मार्ग बंदच होता. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपल्यावर तिने विचारले की चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात का द्यायचा, आणि मी तिला लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची, जुन्या यंत्रांवरही हलकी चालणारी एक्सएफसीई आवृत्ती सुचवली. सुमारे ३ जीबीची आयएसओ फाइल (सगळे मिंट ज्यात असते ती एकच फाइल) तिने रात्रभरात उतरवून घेतली. मिंटच्या मार्गदर्शिकेत सांगितल्याप्रमाणे एचर हे पेनड्राइव्ह तयार करण्याचे साधन वापरून पहिल्याच संध्याकाळी तिने पेनड्राइव्ह तयारही केला. त्यात तिला काहीच अवघड गेले नाही.

पेनड्राइव्ह पुन्हा लावताच विंडोजने सांगितले की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे. आयुष्यभर सूचना नीट वाचून पाळणाऱ्या बाईने ती सूचनाही पाळली आणि केलेले सगळे पुसले गेले. दुसऱ्या संध्याकाळी तिने पेनड्राइव्ह पुन्हा केला आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली, "अरे, माझ्याच हाताला यश नाही बघ." आयएसओ जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवली की त्यातले काही विभाग विंडोजला वाचता येत नाहीत, म्हणून ते फॉरमॅट करायला सांगते; पेनड्राइव्ह मात्र उत्तम असतो आणि तेथे फक्त ‘नाही’ म्हणायचे असते. हे तिला आधी कोणीही सांगितले नव्हते, मीसुद्धा नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

चौथी संध्याकाळ बूट मेनूच्या (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीच्या) कळीपायी गेली. कोणाच्या लॅपटॉपवर एफ१२, कोणाच्या एस्केप, कोणाच्या एफ९. कंपनीचे चिन्ह पडद्यावर दिसते त्या दोन सेकंदांतच ती दाबायची, आणि नेम चुकला की पुन्हा विंडोज सुरू. शेवटी मी तिला शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करायला सांगितले. निळा पडदा आला, त्यात ‘यूज अ डिव्हाइस’ निवडले, पुढे पेनड्राइव्ह निवडला, आणि मिंट सुरू झाले. पहिल्या प्रयत्नात. हा मार्ग विंडोज ८पासून उपलब्ध आहे. विंडोज वापरणाऱ्यासाठी तो सूचनांत सर्वांत वर असायला हवा. निरनिराळ्या कंपन्यांच्या कळींची कोष्टके त्याच्यानंतर द्यावीत.

तिच्या मुलाचे, म्हणजे माझ्या मावसभावाचे, म्हणणे असे की ज्याला बूट मेनू उघडता येत नाही त्याने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. हा वाद आमच्यात कॉलेजपासून आहे. तेव्हा मी वुबी वापरून उबुंटू हा लिनक्सचा प्रकार बसवला होता. २००८च्या ८.०४ आवृत्तीपासून उबुंटूसोबत मिळणारे हे साधन विंडोजमधल्या इतर कोणत्याही प्रोग्रामसारखे बसवता येत असे, डिस्कचे नवे विभाग पाडावे लागत नसत, आणि नको झाले तर कंट्रोल पॅनेलमधून काढता येत असे. तो त्याला खोटे लिनक्स म्हणत असे. विंडोज ८ आणि यूईएफआय (लॅपटॉप सुरू करण्याची नवी पद्धत) आल्यावर वुबी नीट चालेना आणि १३.०४पासून ते बंद झाले, ते तांत्रिकदृष्ट्या योग्यच होते. पण नवख्या माणसाला त्याच्या ओळखीच्या पडद्यावरून हात धरून पुढे न्यावे, ही त्यामागची दृष्टीही त्याबरोबर सोडून दिली गेली, हे मला मुळीच पटत नाही.

ती दृष्टी आणता येते. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराचे मीडिया रायटर आयएसओ स्वतः उतरवून घेते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे इमेजर २०२० साली आले; ते मेमरी कार्डवर लिहिण्याआधीच वापरकर्त्याचे नाव आणि वायफायचा पासवर्ड भरून घेऊ शकते. डेस्कटॉपच्या इन्स्टॉलरांनी एवढेच करून विंडोजमध्येच, मराठीत, चार प्रश्न विचारले तर मावशीसारखी माणसे फोन न करता पार पडतील. आज इन्स्टॉलरमध्ये मराठीची निवड असते, पण ती येते सगळी अवघड पावले इंग्रजीत पार पडल्यावर. डिस्क निवडायच्या पडद्यावर ‘एससीएसआय१ (०,०,०) (एसडीए)’ असे लिहिलेले असते. तेथे ‘विंडोज असलेली ५०० जीबीची डिस्क’ असे लिहायला काय हरकत आहे? एका चुकीच्या निवडीने सगळे फोटो जाऊ शकतात, ती जागा सर्वांत स्वच्छ भाषेची असली पाहिजे.

आता वडिलांविषयी. रूफसमध्ये आयएसओ मोड ठेवला तर पेनड्राइव्ह विंडोजला वाचता येतो आणि फॉरमॅटची मागणी सहसा येत नाही; शिवाय तेथे बाहेरच्या हार्ड डिस्क आपण सांगितल्याशिवाय यादीत दिसत नाहीत, त्यामुळे चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका कमी होतो. व्हेंटॉय हे तसेच दुसरे साधन मला स्वतःला आवडते, कारण त्यात आयएसओ फाइल नुसती कॉपी करायची असते; परंतु सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पहिल्या वेळी की नोंदवण्याचा जो पडदा येतो, त्यापुढे वडिलांना एकटे सोडू नये. शिफ्ट-रीस्टार्टचा मार्ग यूईएफआय असलेल्या यंत्रांवरच चालतो. त्याहून जुना लॅपटॉप असेल तर कळ शोधावीच लागेल. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवावी, आणि बसवण्यापूर्वी त्यांचे सर्व फोटो व कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावीत. हे खरे तर मी सुरुवातीलाच सांगायला हवे होते.

आणि शक्य असेल तर पेनड्राइव्ह आपणच तयार करून कुरिअरने पाठवा, सोबत मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी द्या. मावशीच्या पेनड्राइव्हला तिने स्वतः लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली आहे: ‘फॉरमॅट करू का विचारेल, नाही म्हणावे. शिफ्ट धरून रीस्टार्ट.’ तो पेनड्राइव्ह तेव्हापासून तिच्या शाळेतल्या दोन निवृत्त मैत्रिणींकडे जाऊन आला आहे, आणि त्या दोन्ही वेळा मला फोन आला नाही.